उत्तर आल्याशिवाय हात न सोडणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका चिडका माणूस मुलुंडपासून दहिसर चेकनाक्यापर्यंत दुसरा झाला नाही, आणि त्याच्यावर माझ्याइतकं चिडणाराही दुसरा कोणी नसेल. बायकोचा थोरला भाऊ. उभी हयात विमानं चालवली आणि निवृत्त झाल्यावर नव्या पायलटांना शिकवायला लागला. पायलट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गॉगल लावलेला, सेंट मारलेला माणूस येतो. आमचा हा अर्धी चड्डी आणि गंजीफ्रॉक घालून मुलुंडच्या बाजारात कोळणीशी सुरमईवरून हुज्जत घालत असायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, जरा पोझिशनला शोभेल असं राहा." तर म्हणाला, "तुका काय कळता? मासो कपड्यांकडे बघून ताजो होता काय?"

त्याचं मुख्य खूळ मला लग्नातच कळलं. आमच्यात वधूचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो. क्षणभराचं काम. लोक हसतात, भावाचा मान होतो, संपलं. यानं कान धरला तो सोडेचना. "बहीण देतोय. यू हॅव कंट्रोल," म्हणाला. मला वाटलं गंमत करतोय, म्हणून मी हसलो, तर त्यानं आणखी पिळला. "हसू नकोस. आय हॅव कंट्रोल म्हण." भटजी थांबले, व्हिडिओवाला पुढे सरसावला, माझ्या कानाची पार वाट लागली. शेवटी ओरडलो, "आय हॅव कंट्रोल, बाबा, सोड!" तेव्हा कुठे सोडला. मग कळलं की एक पायलट दुसऱ्याच्या हाती विमान देतो तेव्हा असं म्हणतात, आणि समोरच्याचं उत्तर येईपर्यंत आपला हात काढत नाहीत. उत्तम पद्धत आहे. पण ती विमानात, यार! हा गृहस्थ चहाचा कप देतानाही तेच. त्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं, आमटीचं पातेलं दिलं आणि मी नुसतं "हं" म्हटलं, की हा स्वयंपाकघराबाहेरून ओरडायचा, "हं म्हणजे काय? घेतलंस की नाही घेतलंस?" आमटी निवायची, पण उत्तराशिवाय पातेलं हलायचं नाही.

आपोआप चालणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्याचा डोळा असायचा. त्याच्या सोसायटीनं पाण्याच्या टाकीला सेन्सर लावला. टाकी भरली की पंप आपोआप बंद. हा रोज संध्याकाळी गच्चीवर चढून टाकीत डोकावायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो. एक दिवस सेन्सर बिघडला आणि जिन्यातून धबधबा सुरू झाला. नेमका त्या आठवड्यात हा मालवणला गेला होता. सेक्रेटरी वॉचमनला काढायला निघाला, तर परत आल्या आल्या यानं सेक्रेटरीलाच झापलं. "दहा वर्षं हा माणूस पंप बघत होता, एक थेंब सांडला नाही. तुम्ही मशीन लावलंत आणि त्याला सांगितलंत, आता तू नको बघूस. मग ऐनवेळी त्याला काय डोंबल सुचणार?" वॉचमन राहिला. मेहुणा मात्र पुढच्या मीटिंगपासून सगळ्यांना नकोसा झाला.

पण त्याचा खरा संताप बघायचा तर कुठे विमान पडल्याची बातमी लागली की बघावा. चॅनलवाले लगेच सुरू होतात, वैमानिकाची चूक, वैमानिकाची चूक. हा टीव्हीसमोर उभा राहून ओरडायचा. "मशीन चांगलं आहे रे, मी नाही कुठे म्हणतोय? मशीन नसतं तर याहून जास्त माणसं मेली असती. पण आकाश साफ असतं तोवर तासन्‌तास तेच चालवतं, माणसाला हात लावू देत नाही. आणि वादळात त्यालाच काही कळेनासं झालं की हात वर करतं. घे म्हणतं! समोरच्यानं घेतलं का, विचारतं? थांबतं उत्तरासाठी? आणि मेल्यावर चूक कोणाची? मेलेल्याची!" मग टीव्ही बंद करून पाण्याचा अख्खा तांब्या संपवायचा. तेव्हा वहिनीही त्याच्याशी बोलत नसे.

आणि हे सगळं त्यानं माझ्या पोरीवर काढलं. सायली पायलट झाली ती त्याच्याच नादानं. कंपनीत लागली, ट्रेनिंग झालं, शेवटची परीक्षा तोंडावर आली. त्याआधीच्या रविवारी हा तिला अंधेरीला सिम्युलेटरवर घेऊन गेला. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं खोटं विमान, आत सगळं खऱ्यासारखं. मलाही मागे बसू दिलं. तासभर पोरगी काय झकास चालवत होती! मी मनातल्या मनात पेढे वाटले. एवढ्यात यानं मागून वेगाचे काटे खोटे केले. घंटा वाजली, ऑटोपायलट सुटला, समोरचे आकडे एकमेकांशी भांडायला लागले. सायली आकड्यांकडे बघत राहिली, कुठला खरा ते मशीन सांगेल म्हणून. मग घाबरून तिनं विमानाचं नाक वर ओढलं, आणि ते खोटं विमान खऱ्यासारखं खाली गेलं.

मला वाटलं, मामा आहे, पाठ थोपटेल. हा म्हणाला, "परीक्षा पुढे ढकल. तू पास होशील गो, तीच तर भीती आहे. परीक्षेत हे विचारणारच नाहीत."

मी तिथेच भडकलो. बरोबरची मुलं पुढे जाणार, कंपनीत नाव खराब होणार, आणि कशासाठी? या म्हाताऱ्याच्या खुळासाठी! मी नाही नाही ते बोललो. आणि कार्टीनं त्याचं ऐकलं, माझं नाही! कंपनीतल्या साहेबाच्या शिव्या खाल्ल्या आणि रोज मामाकडे मुलुंडला जाऊन बसायला लागली. घरच्या कॉम्प्युटरवर काटे झाकून नुसतं आवाजावरून, नाकाच्या कोनावरून विमान कसं सांभाळायचं, ते हा तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. उशिरा पास झाली. मी वर्षभर त्याच्याशी धड बोललो नाही.

मग एका पावसाळी संध्याकाळी सायलीचा फोन आला. मला नाही, त्याला! मी मोदक द्यायला त्याच्याकडे गेलो होतो म्हणून समोर होतो. फोन स्पीकरवर होता. "मामा, आज ऑटोपायलट सुटला. ढगात. काटे खोटे." हा उभा राहिला. "मग?" "मग काय, कॅप्टन म्हणाले तू धर, मी बघतो काय बिघडलंय. नाक धरलं, पॉवर धरली, आणि गप्प बसले. आणलं हातानं." "कॅप्टननं दिलं तेव्हा उत्तर दिलंस?" "दिलं ना!" "मोठ्यानं?" "मोठ्यानं, मामा." यानं फोन ठेवला आणि पुढचा तासभर विमान बनवणाऱ्यांना मालवणीत शिव्या घातल्या. मी मोदकाचा डबा हातात धरून तसाच बसलो होतो. जाताना डबा पुढे केला तर म्हणाला, "यू हॅव म्हण की मेल्या!" म्हटलं.

परवाच्या मार्चमध्ये तो गेला. दुपारी जेवून पडला तो उठलाच नाही. राग येतो मला, अजून येतो. जन्मभर मशीनला शिव्या घातल्यास, की न विचारता हात सोडतं, आणि स्वतः काय केलंस? वहिनी, माझी बायको, पोरगी, सगळं टाकून गेलास. सांगायचं होतंस एकदा. धरला असता मी कान पुढे.

सायली त्या वेळी विमान घेऊन येत होती. उतरल्यावर तिला कळलं. तशीच युनिफॉर्ममध्ये मुलुंडला आली. चपलांच्या ढिगातून वाट काढत आत गेली, त्याच्याजवळ बसली, त्याचा गार हात दोन्ही हातांत घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय हॅव कंट्रोल, मामा." मग तिनं त्याचा हात हळूच खाली ठेवला.

त्याच्या शेजारणीनं मला विचारलं, काय म्हणाली हो ती, असं काय इंग्रजीत? मी दाराशी कान चोळत उभा होतो.