जाड आवाजाचा रेडिओ

ये ग बाई, जरा जवळ सरक. आधी कानावरची ती झाकणं काढ. किती हाका मारल्या तुला, पोळी गार झाली, आणि तू आपली मान डोलावून राहिली! वर मलाच विचारतेस, आजी, हा हेडफोन घेऊ का तो, बेस कशाचा चांगला? दोन्ही माझ्या कानाला लावलेस. मी लगेच सांगितलं, हा दुसरा घे, याचा आवाज पोटातून येते, पहिला नुसता नाकातून बोलते. तर केवढी हसलीस. म्हणे, तुला काय कळते ग बेसमधलं? बाई माझे, बेस हा शब्द मला ठाऊक नव्हता, पण जाड आवाजासाठी मी नवी नवरी असताना सासऱ्यांपुढे तोंड उघडलं होतं. ऐकच आता.

माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. सासरे वकील. त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. आवाज असा, की कोर्टात बोलले तर बाहेर पानठेल्यावर ऐकू जावं. नव्या सुनेनं सासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. पण एका घरात राहायचं तर न बोलून कसं भागेल? मग मध्ये कुणाला तरी धरायचं. घरात एक मांजर होती. मी म्हणायचं, "मने, चहा ठेवला हो." मामंजी पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "मने, काल साखर कमी होती म्हणावं." मांजर बिचारी दोघांकडे पाहून थकून जायची.

सासूबाईंशी बोलायला बंदी नव्हती, पण तिथे वेगळीच पंचाईत. "आत्याबाई, दूध उतू चाललं," म्हणावं तर त्या पाठमोऱ्या तशाच. मग वळून म्हणायच्या, "काय पुटपुटून राहिली? तोंडात भात हाय का तुह्या?" आल्यागेल्या बायांना वाटायचं, सासू मोठी तोऱ्याची आहे. मलाही वाटायचं. मग एक दिवस मी त्यांच्या मागे बसून तिखट कुटायला घेतलं, तर मुसळ उखळात पडल्याबरोबर त्या वळल्या. "हळू, फुटन ना उखळ!" त्याच दुपारी दूधवाल्यानं दारातून हाक मारली. त्याचा गळा म्हणजे नगारा. तीही त्यांना बरोबर ऐकू गेली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, जाड तेवढा पोचायचा. मामंजींचा जाड, तुझ्या आजोबांचा जाड, म्हणून घरात कुणाला पत्ता नाही. माझा मात्र चिमणीसारखा.

त्या स्वतः सांगणाऱ्या नव्हत्या. बाईला ऐकू येत नाही म्हटलं की लोक तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायला लागतात, तिला विचारायचं सोडून देतात. ते त्यांना नको होतं. म्हणून मीही कुणाला बोलले नाही, तुझ्या आजोबांनाही नाही.

अशात घरात रेडिओ घ्यायचं ठरलं. दुकानदारानं दोन रेडिओ घरी पाठवले. म्हणे, काही दिवस ऐका, पसंत पडेल तो ठेवा, दुसरा मी घेऊन जातो. एक लहान, दुधी रंगाचा, चकचकीत, नव्या फॅशनचा. दुसरा लाकडी, चांगला ट्रंकेएवढा, पुढे जाळीदार कापड ताणलेलं. लावला की गरम व्हायला वेळ घ्यायचा, मग घूं करून बोलायला लागायचा.

मामंजींना लहान पसंत पडला. त्यावर बातम्या कशा स्वच्छ यायच्या, एकेक अक्षर वेगळं. तुझ्या आजोबांनाही तोच आवडला, दिसायला ऐटबाज म्हणून. शेजारचे लोक येऊन पाहून गेले, त्यांनीही त्याचीच तारीफ केली. लाकडी पेटीला कुणी विचारेना.

एक दिवस सकाळी लहान रेडिओवर भजन लागलेलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी सुपात तूर निवडत होत्या. मधेच मला म्हणाल्या, "लावला नाही का ग अजून?" भजन तर केव्हाचं चालू होतं, न् बैठकीत मामंजी बसलेले! मी घाईनं म्हटलं, "लावतील आता, आत्याबाई." माझे ओठ हललेले पाहून त्यांनी मान डोलावली न् तूर निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी लाकडी लावला. पुन्हा भजनच होतं. मृदंग सुरू झाला आणि सासूबाईंचा हात सुपात थांबला. मान वर झाली. मग त्यांची बोटं सुपाच्या कडेवर चालायला लागली, अगदी तालात. त्यांचं माहेर पातूरकडचं, भाऊ मृदंग वाजवायचा, ते मला ऐकून ठाऊक होतं. तो भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती.  सुपातली तूर तशीच राहिली आणि चेहरा असा झाला, की मला पाहवेना न् नजर काढवेना.

आणि त्याच संध्याकाळी दुकानदाराचा माणूस लाकडी परत न्यायला येणार होता.

काय करावं? खरं सांगावं तर सासूबाईंचं झाकलेलं उघडं पडते. न सांगावं तर पेटी जाते. मांजर त्या दिवशी नेमकी बाहेर. मी चहा घेऊन बैठकीत गेले, पदर सावरला, न् सरळ त्या लाकडी रेडिओपुढे उभी राहिले.

"रेडिओबुवा," म्हटलं, "तुमचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येते हो. तो दुसरा उंबऱ्याशीच दमते. घरात बायाही राहतात म्हणावं."

तुझे आजोबा चहा पिता पिता ठसकले. मामंजींनी चष्मा काढला. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. ते रेडिओलाच म्हणाले, "रेडिओबुवा, तुमची बाजू मजबूत हाय, पण बातम्या तुमी पोटातल्या पोटात सांगता. त्याचं काय?"

मी पुसता पुसता एक गोष्ट पाहून ठेवली होती. म्हटलं, "बुवा, ते कडेचं बटन फिरवा म्हणावं. त्यानं आवाज लहानमोठा नाही, जाडबारीक होते."

मामंजी उठले. बटन फिरवलं. बातम्या स्वच्छ यायला लागल्या. तुझे आजोबा म्हणाले, "बाबा, खरा वकील तर आपल्या स्वयंपाकघरात निघाला!" मामंजी हसले नाहीत. त्यांनी बटन पुन्हा उलटं फिरवलं. कुठलंसं गाणं लागलं होतं, त्यातला ठेका घुमला. आतून सुपावर टक, टक, टक ऐकू आलं. ते दाराकडे पाहत उभे राहिले. पुन्हा बारीक केलं, आतलं थांबलं. पुन्हा जाड केलं, सुरू झालं. बराच वेळ त्यांचा हात त्या बटनावर होता.

"हाच राहू द्या," एवढंच म्हणाले. रेडिओला नाही ग, माझ्याकडे पाहून म्हणाले.

त्यानंतर बातम्या झाल्या की ते स्वतः उठून बटन जाडाकडे फिरवून ठेवायचे. सासूबाईंना कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

मला मात्र सासूबाईंनी काही दिवसांनी गाठलं. मी वेणी घालायला त्यांच्यापुढे बसले होते. म्हणाल्या, "तो मोठा डबा तुले काहून आवडला ग?"

मी वळून, घसा खाकरून, जितका निघेल तितका जाड आवाज काढून म्हटलं, "आवाज भरीव हाय त्याचा, आत्याबाई."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. वेणी तशीच हातात. मग माझं डोकं आपल्याकडे ओढून म्हणाल्या, "अशीच बोलत जाय मायासंग. अशीच." तेव्हापासून घरात मी पुटपुटते म्हणून कुणी बोललं नाही.

उद्या तू जाशील. गेलीस की फोन करशील, मी हो हो म्हणीन. खरं सांगू? तुझा आवाज बारीक आहे ग, फोनवर अर्धा मधेच गळून जाते. तुझ्या आईला सांगू नको हे. समोर बसलीस की मला सगळं कळते, तुझं तोंड दिसते ना. म्हणून म्हणते, सणाची वाट पाहू नको. लवकर ये बाई.