डेन ऑस्टलंडचा हात

डेन ऑस्टलंड उत्तर डकोटातला, सूर्यफुलांच्या शेतांमध्ये वाढलेला. आई मार्लिस शाळेची बस चालवायची. दुपारची फेरी संपली की ट्रॅक्टरच्या शेडमागे उभी राहून लेकाला चेंडू टाकायची आणि हा बॅटनं तो पार शेतात टोलवायचा. शाळा संपताच बेसबॉलच्या एका मोठ्या क्लबानं त्याच्याशी करार केला आणि आयोवातल्या नदीकाठच्या एका गावी, आपल्या तळच्या संघात पाठवलं.

तिथं गाडी अडली. समोरून येणारा चेंडू ऐनवेळी वळायचा आणि डेनची बॅट हवेत फिरायची. मैदानात मात्र त्यानं लांबून फेकलेला चेंडू इतक्या जोरात यायचा, की तो झेलून पहिल्या बेसवरचा गडी हात झटकायचा.

ऑगस्टमध्ये एकदा संघाचे मॅनेजर पिकन्स यांनी त्याला बाकावर शेजारी बसवलं.

"डेन, तुझी बॅट काही चालत नाही रे."

"अजून मेहनत करतो, कोच."

"मेहनतीत तू कमी नाहीस, म्हणून तर सांगायला जड जातंय. पण तुझा हात बघ! पुढच्या वर्षी तू पिचर. चेंडू टाकायचा."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग घरची बस पकड."

आईला हे फोनवर सांगायचा धीर डेनला झाला नाही. हंगाम संपल्यावर घरी जेवताना एकदाचं सांगून टाकलं. मार्लिसनं काटा खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं मी खांदा मोडून घेतला तो फुकटच!"

डेनचा चेहरा उतरला. तशी ती हसू लागली. "तोंड काय पाडतोस? आता तू टाक, मी पकडते."

बाहेर बर्फ साचलं, तशी शेडमध्ये शेगडी पेटवून दोघांनी सुरुवात केली. मार्लिस शाळेच्या संघाकडून मागून आणलेला, चेंडू झेलणाऱ्याचा जाळीचा मुखवटा चढवून खाली बसायची.

"आई, लागेल गं."

"लागलं तर ओरडेन की! तू टाक."

लागलंच. अंगठा टम्म सुजला. मग तिनं भिंतीला जुनी गादी टांगली, त्यावर खडूनं चौकोन काढला आणि कॉफीचा मग घेऊन शेजारी खुर्ची टाकली. "बाहेर गेला," एवढंच ती म्हणायची. हिवाळाभर म्हणत राहिली.

नव्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात डेनचा एकही चेंडू जागेवर पडेना. पिकन्स चालत आले आणि त्याच्या हातातून चेंडू काढून घेतला. "माझा पहिला दिवस याहून वाईट होता," ते हळूच म्हणाले. खरं की खोटं, डेनला कधी कळलं नाही, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं.

हळूहळू हात बसत गेला. जुलैपर्यंत अटीतटीच्या सामन्यात शेवटचा डाव त्याच्याकडे येऊ लागला. शाळेला सुटी होती, म्हणून मार्लिस गाडी हाकत सामना बघायला आली. त्या दिवशी डेननं शेवटचा गडी बाद केला आणि थेट कुंपणाशी धावला.

"कसा टाकला?"

"शेवटचा चौकोनाच्या खाली गेला तुझा."

"अगं, बाद झाला ना तो!"

"त्याला कळलं नाही, उगाच बॅट फिरवली म्हणून."

आठवड्याभरात त्याला क्लबाच्या मिशिगनमधल्या वरच्या संघाचं बोलावणं आलं. डेननं आपल्या दोन्ही बॅटी एका नव्या गड्याला देऊन टाकल्या, पिकन्सना कडकडून मिठी मारली आणि मिशिगनच्या बसमध्ये चढला. बस सुटण्याआधी आईला फोन केला, तर पलीकडून आधी पावसापाण्याची चौकशी झाली, आणि मग ती म्हणाली, "शेडमधली गादी मी काढत नाही हं, तशीच टांगलेली ठेवते."