हिप्पासाचं जाळं

आमची पोस्ट ईशान्येकडच्या एका टेकडीवर होती. मी हवालदार, दर्यापूरचा. नायक प्रल्हाद चांदूर बाजारचा. रोज सकाळी सहाला आमची गस्त निघायची. गाड्यांचा ताफा येण्याआधी वाटेत कुठे सुरुंग पुरलाय का ते तपासायचं, एवढंच काम. पुढे स्काउट म्हणून प्रल्हाद, मागे मी आणि आठ जण.

प्रल्हाद गवतातली जमिनीलगतची जाळी पाहत चाले. सपाट चादर, एका टोकाला नळी, नळीच्या तोंडाशी कोळी. करड्या अंगावर फिके ठिपके, आठ डोळे आणि मागे शेपटासारखे दोन लांब अवयव, ज्यातून तो सूत काढतो. लांडगा-कोळ्यांतला हा हिप्पासा. त्याचे बरेचसे भाऊबंद जाळं न विणता धावून शिकार करतात. हे नाव मला फार उशिरा, अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं. प्रल्हादला नावाशी देणंघेणं नव्हतं. संत्र्याच्या बागेत चोर कुठून शिरला, हे जाळ्यांवरून ओळखायला त्याच्या वडिलांनी शिकवलं होतं.

"फाटलं असन तं कोणी गेलं," तो सांगे. "पन साबूत दिसलं म्हनून भुलू नका, उस्ताद. चादर रातभरात होते. नळी पाहा. नळी नसन तं जाळं नवं हाये, जागा कोनं तरी उकरली हाये."

मी उभ्यानेच मान हलवायचो.

"पोट आडवं येते काय वाकाले?" तो हसायचा.

त्या सकाळी त्याला ताप होता. मी म्हणालो, "आज तू मागं राय, पुढं मी चालतो."

"नळी पाहजा, उस्ताद."

सहा चाळीसला वळणावर जाळं दिसलं. दवाने भरलेलं, कुठेही न फाटलेलं. ताफा निघाल्याचं वायरलेसवर आलं होतं. मला घाई होती. मी वाकलो नाही.

"कंट्रोल, अल्फा. वळण क्लिअर. ओव्हर."

मी ओलांडून गेलो. माझ्या शब्दावर विसंबून प्रल्हाद मागून आला. स्फोट झाला. तो जागीच गेला.

त्या जाळ्याला नळी नव्हती. उभ्यानेही माझ्या डोळ्यांना ते दिसलं होतं, मीच मनावर घेतलं नाही.

अंत्यविधीनंतर त्याच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. "त्यानं जाळं नाई पाह्यलं काय? म्या तं त्याले शिकवलं होतं."

"नसन पाह्यलं, काका," मी म्हणालो.

"मंग माह्यंच शिकवनं कच्चं रायलं."

मी गप्प राहिलो. त्याची आजही लाज वाटते. काका आता नाहीत, तोच सल घेऊन गेले. त्यांना सांगायचं होतं ते इथे लिहितो. नायक प्रल्हाद त्या दिवशी स्काउट नव्हता. स्काउट मी होतो.