नेलपॉलिशचे दोन ठिपके

दादा गेला त्या दुपारी मी सिन्नरहून नाशिकला एसटीने निघाले होते. वाटेतच त्याच्या मित्राचा, शेखरचा, ग्रुपवर मेसेज आला... "आपला हट्टी मित्र गेला." पुढे जोडलेले हात. म्हणजे माणूस गेला तरी शेरा कायम! दीड महिना झाला, माझ्या डोक्यातून तो राग जात नाही. हट्टी कोण होतं ते आता सांगतेच.

दादाला गाण्यापेक्षा आवाजाचं वेड. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या दोन प्रकारच्या डिस्क बाजारात एकमेकींना पाडायला निघाल्या होत्या, तेव्हा याने दोन्हींचे प्लेअर परदेशातून मागवले आणि एकाच वाद्यवृंदाची मैफल दोन्ही डिस्कवर मिळवली. रविवारी सकाळी इंदिरानगरला त्याच्या हॉलमध्ये मित्र जमायचे. नियम एकच, यंत्रांकडे पाठ करून बसायचं. कोणती डिस्क वाजतेय हे फक्त वहिनीला ठाऊक. दोन प्लेअरचा आवाज मुळातच कमी-जास्त, म्हणून अँप्लिफायरच्या बटणाभोवती तिच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके होते, ब्लू-रेला लाल आणि एचडी डीव्हीडीला गुलाबी. प्लेअर बदलला की बटण त्याच्या ठिपक्यावर आणायचं, म्हणजे दोन्ही सारख्याच आवाजात वाजायच्या.

आणि कोणती डिस्क सरस याचा निकाल लावायचं ठरलं, नेमकी त्याच रविवारी वहिनी पोह्यांना फोडणी द्यायला आत गेली. "मी बदलतो रे," म्हणत शेखर उठला. त्याने प्लेअर बदलला, बटण होतं तिथेच ठेवलं! ब्लू-रे दणक्यात वाजली आणि सगळ्यांनी तिच्या बाजूने हात वर केले.

"अरे, मोठा आवाज आहे तो, चांगला नाही! ठिपक्यावर आण आणि परत ऐका," दादा ओरडला.

सगळे हसले. पुढे एचडी डीव्हीडी बाजारातून उठली, तेव्हा तर यांना चेवच आला. म्हणे, जगानेच निकाल दिला! दादाचं म्हणणं एवढंच होतं, की आवाज सारखा ठेवला तर दोन्हींत फरक ऐकू येत नाही. हळूहळू ती रविवारची बैठकही मोडली. तरी दर दिवाळीला तो शेखरला फोन करायचा, "एकदा ये, नीट ऐक." शेखर म्हणायचा, "बघू रे." नाशिकातल्या नाशिकात, कॉलेज रोडवरून इंदिरानगरला यायला या गृहस्थाला सवड नव्हती. चूक काय, कोणाच्याही हातून होते. पण परत ऐकायला काय जात होतं तुमचं? शेवटच्या दिवाळीतही फोन ठेवून दादाने दोन्ही प्लेअर पुसून ठेवले होते... ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

गेल्या रविवारी शेखर भेटायला आला. "काय कान होता हो त्याचा!" म्हणाला. वहिनीने दादाची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि म्हणाली, "बसा भाऊजी, पाठ करून."

मैफल सुरू झाली. दोन रचनांमधल्या शांततेत तिने प्लेअर बदलला, बटण हळूच दुसऱ्या ठिपक्यावर आणलं. शेखर डोळे मिटून मान डोलवत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "वहिनी, आता दुसरी लावा ना."

"ती केव्हाची चालू आहे."

तो वळला. त्याचा चेहरा पार उतरला होता. मला जराही कीव आली नाही. उठून तो अँप्लिफायरपाशी गेला, ठिपके बघायला वाकला आणि त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"तिथे हात लावू नका, भाऊजी," वहिनी म्हणाली.