कॉलर राहू द्या

तिला नावानं हाक कोणी मारतच नसे. कारखान्यात ती कॉलरताई, बसथांब्यावर कॉलरताई, आणि घरी नवरा रंगात आला की तोही म्हणायचा, "काय कॉलरताई, चहा मिळेल का?" एकोणीस वर्षं ही बाई शर्टांच्या कॉलरी शिवत होती. नुसत्या कॉलरी बरं का! बाही नाही, खिसा नाही, काज-बटण नाही. कॉलर शिवायची, डाव्या हातानं टोपलीत टाकायची, उजव्या हातानं पुढची घ्यायची. मिनिटाला एक. हात असा बसलेला की शेजारणीशी गप्पा मारतानाही टोक वाकडं जायचं नाही.

सगळ्या बायका एकीमागे एक बसत, शाळेतल्या वर्गासारख्या. तिच्या पुढ्यात बाहीवाली. एकोणीस वर्षं हिनं कामाच्या वेळी पाहिलं काय, तर बाहीवालीची वेणी. त्या वेणीत पहिला पांढरा केस कधी आला हे बाहीवालीच्या नवऱ्याला माहीत नसेल, पण कॉलरताईला माहीत होतं.

आणि घरी सासूबाई. त्यांनी आयुष्यभर पायाच्या मशीनवर गल्लीचे कपडे शिवलेले. म्हातारीची जीभ म्हणजे कात्रीच. "एवढी वर्षं मशीनवर बसतेस, आणि लेकीला एक फ्रॉक शिवता येत नाही तुला! माझ्या नातीनं काय नुसती कॉलर घालून हिंडायचं?" कॉलरताई हसण्यावारी न्यायची. पण ते बोलणं लागायचं, कारण खरं होतं. अख्खा कपडा तिला येत नव्हता. कारखान्यात कोणालाच येत नव्हता.

मग ती साथ आली. सारं जग दाराला कडी लावून बसलं. शर्ट मागवणाऱ्या परदेशातल्या कंपनीकडून दोन ओळींचं पत्र आलं की माल पाठवू नका. शिवलेला माल, हो! इस्त्री करून, घड्या घालून खोक्यांत भरलेला! म्हणजे तुम्ही कापून, शिवून, बटणं लावून मोकळ्या झालात, आणि आम्ही म्हणतो नको. झालं! एवढा मोठा धंदा सातासमुद्रापार, आणि नुकसान कोणाच्या डोक्यावर, तर काजं करणारीच्या. मालकानं हात वर केले. "जगाची अर्थव्यवस्थाच कोसळलीय, मी एकटा काय करू?" म्हणाला, आणि कारखान्याला टाळं लावलं.

कॉलरताईच्या घरात कमावता एक नवराच उरला. तो घरोघर पार्सलं पोचवायचा. त्याच्या गाडीच्या काचेवर मोठा पास, 'अत्यावश्यक सेवा'. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका बंगल्यात घरात बसून चालवायची व्यायामाची सायकल पोचवली. ते ऐकून कॉलरताई उसळलीच.

"सायकल अत्यावश्यक? जी कुठे जातच नाही ती? आणि आमचे हात अनावश्यक!"

"माझ्यावर का डाफरतेस? मी काय पार्सलवाल्या कंपनीचा मालक आहे? तो तर म्हणे या साथीत दुप्पट श्रीमंत झाला. आणि मी तोंडाला बांधायचं फडकं घरचंच वापरतोय."

एका सोमवारी कारखान्याच्या कटिंग मास्तरांचा फोन आला. ते तिथले सगळ्यांत जुने, सबंध शर्टाचं कापड बेतणारे आणि कापणारे. आवाज पार उतरलेला. "ताई, मालक मशीनं विकतोय. शुक्रवारी दहा वाजता ट्रक येणार."

मशीनं गेली की संपलं! साथ आज ना उद्या जाईल, पण रिकाम्या खोलीत काम कोण देणार? कॉलरताईनं चपला पायांत सरकवल्या आणि तडक मालकाचं दार गाठलं. मास्तर होतेच तिथे. मशीनं विकू नका म्हटल्यावर मालक दारातूनच बोलला, साखळी न काढता.

"काम आहे का काम? काम असतं तर मी कशाला विकली असती?"

"काम आणलं तर?" कॉलरताई बोलून गेली. कुठून आणणार, याचा तिला पत्ता नव्हता.

मालक हसला. "शुक्रवारी दहाच्या आत ऑर्डर कागदावर दाखवा, ट्रक परत पाठवतो. तोवर मशीनं वापरा हवी तर." आणि किल्ली साखळीच्या फटीतून बाहेर टाकली. त्याला वाटलं, या काय आणतात!

घरी परतताना जिन्यात तळमजल्यावरची सिस्टर भेटली. ती मोठ्या सरकारी हॉस्पिटलात होती. पाठीवर घाम, चेहऱ्यावर मास्कचे वळ, आणि अंगात रेनकोट. कोरड्या ठणठणीत दिवशी रेनकोट!

"गाऊन संपलेत," सिस्टर पायरीवर टेकत म्हणाली. "सगळ्या जगात संपलेत म्हणे. एका देशानं मागवलेला माल दुसरा देश विमानतळावरून पळवतोय, जो जास्त देईल त्याचा. आमच्या वाट्याला रेनकोट आले. आता तेही फाटलेत."

कॉलरताईच्या डोक्यात एकदम उजेड पडला. अगं बाई! कापड आहे. कंपनीनं नाकारलेल्या मालातले घट्ट विणीचे निळे तागेच्या तागे पडून आहेत. मशीनं आहेत. आणि इकडे ही माउली रेनकोटात शिजतेय! कोणत्या शहाण्यानं चालवलंय हे जग?

"सिस्टर, गाऊन असतो कसा?"

"लांब बाह्या, गुडघ्याच्या खालपर्यंत, बांधायला बंद. नमुना आणतेस? गुरुवारी अकराला आण. मोठ्या डॉक्टरीणबाईंना दाखवू."

बुधवारी सकाळी कारखाना उघडला. बस बंद, त्यामुळे चालत येण्याजोग्या दोघीच आल्या, बाहीवाली आणि काजवाली. मास्तरांनी सवयीनं कापड अंथरलं, सवयीनं खडू चालवला, कात्री फिरवली. तुकडे पडले. बाहीवालीनं बाह्या शिवल्या, एकदम सुरेख. आणि मग तिघी एकमेकींकडे बघत बसल्या. खांदे कोण जोडणार? ती दूर राहणारी. कडा कोण शिवणार? तीही दूरची. मुंढ्यात बाही बसवणारी तर गावी अडकलेली. तिघींची मिळून पन्नास वर्षं मशीनवर गेलेली, आणि एक झगा जोडता येईना! पहिली बाही बसवली ती उलटी. दुसऱ्या खेपेला हात घालायला भोकच उरलं नाही. काजवाली हसता हसता रडायला लागली.

कॉलरताई उठली, घरी गेली आणि सासूबाईंपुढे उभी राहिली.

"आई, चला. मला कपडा शिवायला शिकवा."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आता काहीतरी खवचट येणार म्हणून कॉलरताईनं मान खाली घातली. पण म्हातारीनं उशाखालून आपली जुनी कात्री काढली, तोंडाला फडकं बांधलं आणि म्हणाली, "एकोणीस वर्षं लागली होय गं विचारायला?"

मग जे काही सुरू झालं! सासूबाई सुपरवायझरच्या खुर्चीत बसल्या आणि तिथून तोफ डागायला लागल्या. "आधी खांदे. मग गळा. बाही कडा शिवायच्या आधी लाव, गधडे, म्हणजे सपाट बसते. ओढू नकोस कापडाला, त्यानं काय तुझं घोडं मारलंय?" दुपारपर्यंत कॉलरताईनं खांदे जोडले, बाही बसवली, कडा घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा कापडाचा तुकडा तिच्या हातात माणसाच्या आकाराचा झाला. तिला इतका आनंद झाला की गळ्यापाशी आल्यावर हात आपोआप धावला. एकोणीस वर्षांची सवय ती! सासूबाई "थांब!" म्हणून ओरडेपर्यंत कॉलरीची उभी पट्टी बसलीसुद्धा, दुहेरी शिलाई मारून.

"उसवते," कॉलरताई म्हणाली.

"उसवलंस तर सुईची भोकं राहतील. राहू दे तशीच. वरची कॉलर तेवढी लावू नकोस, महामाये."

गुरुवारी अकराला हॉस्पिटलच्या मागच्या फाटकापाशी सिस्टर मोठ्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी गाऊन उलगडला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हा तर पुढून उघडा आहे! आणि ही पट्टी कसली? आम्हाला काय लग्नाला जायचंय?"

हाय रे कर्मा! शर्ट पुढूनच उघडतो, म्हणून मास्तरांनी पुढून कापला, आणि त्या सगळ्यांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की गाऊन मागून उघडत असेल.

"पेशंट आमच्या तोंडासमोर खोकतो, बाई. पुढून फट ठेवून कसं चालेल? गाऊनचं बांधणं मागे असतं." डॉक्टरीणबाईंनी घडी घालायला घेतली. चांगल्या होत्या त्या, पण थकलेल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात दुसरा आणा."

पुढच्या आठवड्यात! उद्या दहाला ट्रक!

"आणा इकडे," म्हणत कॉलरताईनं गाऊन त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. उलटा धरला, दोन्ही हात पुढून बाह्यांत घातले आणि सिस्टरकडे पाठ केली. "बांधा मागून!"

सिस्टरनं बंद बांधले. कॉलरताई वळली. शर्टाची पाठ आता छातीवर आलेली, सलग, कुठे फट नाही. आणि मागचा उंच गळा पुढे आल्यामुळे ती कॉलरीची पट्टी हनुवटीखाली घट्ट उभी राहिली होती.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. त्यांनी पट्टीत बोट घालून पाहिलं. सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर मास्कआड हसत होती.

"बाहेरून येणाऱ्या गाऊनांत आमचा गळा उघडा पडतो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "चार वेळा लिहून कळवलं. कोणी ऐकत नाही. हिनं न सांगता झाकला." मग एकदम मोठ्यानं, "पाचशे हवेत. ही कॉलर राहू द्या!"

कॉलरताईनं तिथल्या तिथे उडी मारली. गाऊन घालून, फाटकासमोर, चाळिशीची बाई!

पण सरकारी कागद तो. सही व्हायला शुक्रवारचे साडेनऊ वाजले. हॉस्पिटलपासून कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस नाही, रिक्षा नाही. नवऱ्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. "बस खोक्यांमध्ये. आज तूच पार्सल." काचेवर 'अत्यावश्यक सेवा', आत कॉलरताई, एका हातात कागद, दुसऱ्या हातानं कोणाची तरी व्यायामाची सायकल धरलेली. चौकात पोलिसानं आत डोकावून विचारलं, "हे काय?" नवरा म्हणाला, "अत्यावश्यक!" आणि गाडी सुटली. ती मागून ओरडली, "बरोबर बोललास! साहेब लोक घरी बसले, जगाचं काही अडलं नाही. आम्ही बसलो, तर जग कोसळलं म्हणतात! मग चालवत कोण होतं?"

दहाला पाच कमी. फाटकासमोर ट्रक उभा. बाहीवाली आणि काजवाली ट्रकसमोर रस्त्यावर ठाण मांडून बसलेल्या, मध्ये खुर्ची टाकून सासूबाई, मांडीवर कात्री. तरी एक मशीन वर चढलंच होतं, आणि ते नेमकं कॉलरताईचं. तिनं मालकाच्या हातात कागद ठेवला. त्यानं वाचला. शिक्का पाहिला. उलटून पाहिला. परत वाचला.

"पाचशे गाऊन? तुम्ही? तुमच्यातल्या एकीला तरी अख्खा कपडा येतो का?"

"एकीला येतो. सोमवारपर्यंत दोघींना येईल." कॉलरताईनं ट्रकवरच्या आपल्या मशीनकडे बोट केलं. "साहेब, एकोणीस वर्षं तुम्ही आम्हाला एकेक तुकडा दिलात. अख्खा शर्ट तुमच्याच हातात राहिला. म्हणून तर आम्हाला वाटायचं, तुमच्यावाचून काही शिवलंच जाणार नाही."

मालकानं कागदाची घडी घातली. शब्द दिलेला, आणि तोही साक्षीदारांसमोर. त्यानं ट्रकवाल्याला हात केला. हमालांनी मशीन उतरवलं.

"पूर्वीच्याच जागी ना, ताई?" मास्तरांनी विचारलं. "बाहीवालीच्या मागे?"

"नको," कॉलरताई म्हणाली. "समोरासमोर लावा सगळी. एकीचं बघून दुसरीला शिकता आलं पाहिजे."

दोन मशीनं ढकलून समोरासमोर लावली. कॉलरताई बसली, समोर बाहीवाली बसली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काम करताना दोघींनी एकमेकींकडे तोंडं केली. दोघींच्या तोंडांवर मास्क! फक्त डोळे काय ते दिसत होते. आधी बाहीवालीला हसू फुटलं, मग कॉलरताईला, आणि दोघी अशा हसल्या, अशा हसल्या की सुईत दोरा जाईना.

"खिदळून झालं असेल तर खांदे जोडा," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "पाचशे आहेत. आणि कापड उरलं तर माझ्या नातीचा फ्रॉक."