डावाही नाही, उजवाही नाही
ताज्या मासळीचा वास आला की मला तमिळ मुलखातल्या, अड्यारच्या घरातली ती सकाळ आठवते. शेजारचे तंजावरी मराठी काका, निवृत्त प्राध्यापक, कॉफी प्यायला आले होते. तेव्हा मी स्वतःला मोठ्या दिमाखात लिबर्टेरियन म्हणवत असे. काकांनी विचारलं, “म्हणजे नक्की डावे की उजवे?” मी तावातावानं म्हणालो, “दोन्ही नाही, काका. उजव्यांना बाजार मोकळा हवा, डाव्यांना माणूस. मला दोन्ही मोकळे हवेत. सरकारनं कुणाच्या पोटापाण्यात हात घालू नये.” तेवढ्यात महापालिकेचा माणूस माझाच तक्रारअर्ज घेऊन दारात आला. “सार, तुमच्या फाटकासमोरच्या मासेवालीला उठवलं. इथे सही करा,” तो तमिळमध्ये म्हणाला. वासाचा त्रास होतो, असं मीच लिहून दिलं होतं. खिडकीतून दिसलं, जवळच्याच कोवलम या कोळ्यांच्या गावाहून रोज पहाटेच्या बसनं येणारी ती बाई भरलेली पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती. काकांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी सही केली. एक मजला उतरून तिला थांबवता आलं असतं, अर्ज मागे घेता आला असता. पण काकांसमोर चूक कबूल करायची मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.