माथ्यावरचं ‘तू’

माझा सेत्तीमिओकाका सातवं अपत्य. सहा पोरांना नावं देता देता आजोबा दमले आणि याला नुसतं ‘सेत्तीमिओ’, म्हणजे ‘सातवा’, म्हणून मोकळे झाले. जन्मभर त्यानं आमच्या घाटरस्त्यावरचा बर्फ उपसला. लग्न केलं नाही. आता माझ्या कॉफीबारमध्ये बसून पत्त्यांत लबाडी करतो. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या मनातलं काढून घेणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं.

गावामागून एक वाट निघते. बीच वृक्षांच्या रानातून चढत उघड्या माथ्यावर जाते, तिथून धारेधारेनं चालून पलीकडच्या रानातून पुन्हा गावातच उतरते. अशा गोल वाटेला आमच्या अपेनाइन डोंगरात ‘अंगठी’ म्हणतात. दर रविवारी काका, मी आणि औषधाच्या दुकानाच्या देल्फीनाबाई ही अंगठी चालून यायचो. देल्फीनाबाई विधवा, शिकलेल्या; आमच्याकडे औषधांची पदवी घेतलेल्या बाईलाही ‘डॉक्टरीण’च म्हणतात. गावात काका त्यांना ‘डॉक्टरीणबाई, तुम्ही’ म्हणायचा आणि त्या त्याला ‘अहो सेत्तीमिओ’.

पण आमच्याकडे रीत आहे, झाडं संपून माथा लागला की सगळी माणसं एकमेकांना ‘तू’ म्हणतात, मग तो न्यायाधीश असो की मेंढपाळ. शेवटचं झाड मागे पडलं की काकाची जीभ सुटायची.

“देल्फीना, टोपी धर, उडेल तुझी.”

“तू आपलं पोट धर, ते आधी गडगडत जाईल.”

मग चीजचा तुकडा अर्धा अर्धा व्हायचा, हसणं व्हायचं, आणि पलीकडच्या पहिल्या झाडाशी दोघंही गुपचूप अहो-जाहोवर यायची. मला अस्सा राग यायचा दोघांचा.

बारमध्ये पत्ते कुटणारा ओरेस्ते चिडवायचा, “दर रविवारी अंगठी फिरून येतोस, बोटात कधी घालणार?”

काका म्हणायचा, “पान टाक. तुझी पाळी आहे.”

गेल्या शरदात बाईंनी दुकान विकलं. मुलगा अंकोनाला असतो, तो कायमचं बोलावत होता. येत्या आठवड्यात निघणार, असं त्यांनीच काउंटरशी उभ्या उभ्या सांगितलं. त्या गेल्यावर काका कितीतरी वेळ रिकामा कप ढवळत बसला.

“रविवारी वर गेलो की बोलतो,” तो मला म्हणाला.

“आत्ता जाऊन बोल की. समोर तर राहतात.”

“खाली काय बोलू? ‘डॉक्टरीणबाई, तुम्ही जाऊ नका’? ते तर अख्खं गाव म्हणतंय त्यांना.”

मी त्याच्यापुढचा रिकामा कप उचलला.

रविवारी रान तांबूस झालं होतं आणि पाचोळा ओला होता. अर्ध्या चढावर बाईंचा पाय घसरला. बुंध्याला टेकून बसत त्यांनी स्वतःच घोटा चाचपला. “मोडलेला नाही. पण वर काही जमायचं नाही. माफ करा हं, सेत्तीमिओ.”

काकानं वर पाहिलं. खोडांमधून माथ्याचा उजेड दिसत होता. झालं, मी मनात म्हटलं, आता हा जन्मात बोलत नाही. त्यानं गळ्यातला मफलर काढला, खाली बसून बाईंच्या घोट्याला बांधला, गाठ मारली, आणि मान वर न करताच म्हणाला, “तू जाऊ नकोस.”

मी पाठ फिरवून उगाच बुटाची नाडी सोडली.

“माथा अजून वर आहे, सेत्तीमिओ,” बाई म्हणाल्या.

“दिसतोय मला.”

“मुलाला काय सांगू?”

“सांग, सेत्तीमिओ जाऊ देत नाही.”

बाईंनी मफलरची गाठ चाचपून पाहिली. मग बाई म्हणाल्या, “हात द्या.”

‘द्या’, म्हणजे पुन्हा अहो-जाहोच. काकानं त्यांना उठवलं, खांद्याचा आधार दिला आणि आम्ही आल्या वाटेनं उतरलो. अंगठी अर्धीच राहिली. काकाच्या तोंडाकडे मला बघवेना.

बार भरलेला होता. मी बाईंना खुर्ची दिली, पायाखाली दुसरी सरकवली. त्यांनी टोपी काढली, केस नीट केले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “तू काय घेणार, सेत्तीमिओ?”

ओरेस्तेचं पान हातातच राहिलं.

“तू घेशील ते,” काका म्हणाला, आणि एवढा आडदांड माणूस सगळ्यांदेखत रडायला लागला.